विकेटमध्ये पानाच्या एचटीएमएलात बदलती मूल्यं कशी घालायची?

काजवा (धागाकर्ती)

गेली कित्येक वर्षं मी जेएसपीवर (जावात वेबपानं बनवायची जुनी पद्धत) काम केलं. एचटीएमएल लिहिता लिहिता मधेच डॉलर आणि महिरपी कंस टाकायचे, आत चलाचं नाव लिहायचं, की झालं. आता अपाची विकेटमधला (हीही जावात वेबपानं बनवायची एक चौकट) एक जुना प्रकल्प माझ्याकडे सांभाळायला आला आहे आणि पहिल्याच आठवड्यात अडले आहे.

पानाच्या वरच्या पट्टीत एवढंच हवं आहे: नमस्कार, मग वापरकर्त्याचं नाव, मग "तपासायच्या ३ फायली राहिल्या आहेत". तीच संख्या शेजारच्या बटणाच्या टायटल ॲट्रिब्यूटमध्येही यायला हवी, म्हणजे माउस नेल्यावर दिसेल. आणि खाली एक छोटी स्क्रिप्ट आहे, तिलाही ती संख्या लागते. म्हणजे एकच मूल्य तीन जागी.

डॉलर-कंस टाकून पाहिले, ते जसेच्या तसे पानावर छापून आले. मग उदाहरणं बघून एचटीएमएलात स्पॅनला विकेट:आयडी दिला, जावात पानाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये त्याच आयडीचं लेबल (मजकूर छापणारा कंपोनंट, म्हणजे पानाचा जावातला एक तुकडा) ॲड केलं. आता पान उघडतच नाही, "या आयडीचा कंपोनंट सापडत नाही" असा एरर येतो. आयडीचं स्पेलिंग दहा वेळा तपासलं.

आणि एक मनापासूनचा प्रश्न. एक साधं नाव छापायला एचटीएमएलात एक टॅग आणि जावात एक ओळ, असा दोन ठिकाणी खटाटोप का करायचा?

(फोनवरून लिहिते आहे, म्हणून कोड न टाकता शब्दांत सांगते आहे. उत्तरंही तशीच दिलीत तर बरं.)

उंबरठा

आधी एरर. पट्टीच्या डिव्हलाही विकेट:आयडी आहे का? बहुतेक असणार. विकेटमध्ये एचटीएमएलातले टॅग जसे एकमेकांच्या पोटात असतात, तसेच जावातले कंपोनंटही असावे लागतात. डिव्ह हा कंपोनंट असेल आणि स्पॅन त्याच्या आत असेल, तर लेबल पानाला नाही, त्या डिव्हच्या कंपोनंटला ॲड करायचं. आयडी बरोबर असूनही तुमचं लेबल चुकीच्या घरात राहतंय. एररच्या पानावर कंपोनंटचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. तो वाचायची सवय लावा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवा. लेबल आपल्या टॅगच्या आतलं सगळं पुसून तिथे स्वतःचं मूल्य लिहितं. म्हणून अख्ख्या डिव्हलाच लेबल केलंत तर आतले सगळे आयडी नाहीसे होतील. लेबल नेहमी सगळ्यात आतल्या टॅगला.

आता तुमचा "का". जेएसपी १९९९ सालची. तेव्हा पानातच जावा लिहायची सोय होती आणि लोकांनी ती इतकी वापरली की अर्ध्या पानात अटी आणि लूप दिसायचे. विकेटची सुरुवात २००४ची, २००७मध्ये तो अपाचीचा स्वतंत्र प्रकल्प झाला. त्याची पहिली भूमिकाच ही की एचटीएमएल फाइलमध्ये तर्क नको, फक्त जागा राखून ठेवायची. तुमची फाइल सर्व्हर न चालवता थेट ब्राउझरमध्ये उघडून बघा. स्पॅनमध्ये नमुना म्हणून एखादं नाव लिहून ठेवलं असेल तर ते दिसेल आणि पान पानासारखं दिसेल. मांडणी करणाऱ्या माणसाला जावाला हात लावावा लागत नाही. मी अशा दोन चमूंत काम केलं आहे जिथे मांडणीवाले आमच्याच फाइली थेट दुरुस्त करून परत द्यायचे. त्या सोयीसाठी ती जास्तीची एक ओळ मी आनंदाने लिहीन.

टायटलसाठी ॲट्रिब्यूटमॉडिफायर. बटण आधीच कंपोनंट असेल, त्याला तो जोडा. रिप्लेस म्हटलं तर जुनी किंमत जाऊन नवी येते, अपेंड म्हटलं तर जुन्यापुढे जोडली जाते. क्लास ॲट्रिब्यूटसाठी बहुधा अपेंडच लागतं, नाहीतर मांडणीवाल्याने दिलेले क्लास उडतात.

त्रिज्या

मी थाइमलीफवाली (जावातलीच दुसरी एक टेम्पलेट पद्धत), तरी लिहिते, कारण मूळ विचार सारखाच आहे. आमच्याकडे टॅगवर टीएच:टेक्स्ट लिहायचं आणि टॅगच्या आत नमुन्याचा मजकूर ठेवायचा. ब्राउझरला ते ॲट्रिब्यूट कळत नाही, तो नमुना दाखवतो. सर्व्हर नमुना काढून खरं मूल्य घालतो. वाक्याच्या मधोमध हवं असेल तर दुहेरी चौकटी कंस. फरक इतकाच, की थाइमलीफमध्ये कोणतं मूल्य घ्यायचं हे पानच सांगतं. विकेटमध्ये पान गप्प असतं, सगळं जावा सांगते.

छोट्या पानांना मला आमची रीत सोपी वाटते. पण पानाचा एखादा तुकडा स्वतःची स्थिती सांभाळतो आहे, चार ठिकाणी पुन्हा वापरायचा आहे, असं असेल तर विकेटची रीत जास्त टिकते.

काजवा

उंबरठादादा, अगदी तसंच होतं! डिव्ह कंपोनंट होता. लेबल त्याला ॲड केलं आणि पान उघडलं. टायटलही आलं.

आता पुढचं. फाइल मंजूर करायचं बटण ॲजॅक्सचं आहे, म्हणजे अख्खं पान न बदलता हवे तेवढे तुकडे बदलणारं. ते दाबलं की डेटाबेसमध्ये संख्या कमी होते, मी तपासलं. लेबलला आउटपुट मार्कअप आयडी लावला आहे, टार्गेटमध्येही (बदलायच्या तुकड्यांच्या यादीत) ॲड केलं आहे. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लेबलचा नवा तुकडा आलेला दिसतो. पण त्यात अजून ३च! पान नव्याने उघडलं तरच २ होतात.

उंबरठा

लेबल करताना आयडीनंतर दुसऱ्या जागी काय दिलंत? संख्येची स्ट्रिंग करून थेट दिली असेल तर हेच होणार. विकेट शिकताना मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेएसपीत पान म्हणजे एक धावतं काम. विनंती आली, वरपासून खालपर्यंत सगळं छापलं, संपलं. तिथे मूल्य छापलं जातं त्याच क्षणी वाचलंही जातं. विकेटमध्ये पान हा जावाचा ऑब्जेक्ट आहे आणि तो एका विनंतीनंतर मरत नाही. पुढच्या क्लिकची वाट बघत त्या वापरकर्त्याच्या सेशनबरोबर जिवंत राहतो. कन्स्ट्रक्टर मात्र एकदाच चालतो. कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही "३" ही स्ट्रिंग लेबलच्या हातात दिलीत, लेबलने ती मुठीत धरून ठेवली. आता त्याला शंभर वेळा छापायला सांगा, ते मूठ उघडून ३च दाखवेल. ते ३ कुठून आले होते हे त्याला ठाऊकच नाही.

म्हणून लेबलला मूल्य द्यायचं नाही. मूल्यापर्यंत जायचा रस्ता द्यायचा. त्या रस्त्याचं नाव मॉडेल. लेबल दर वेळी छापताना मॉडेलला विचारतं, "आत्ता काय आहे?" उत्तर येईल ते छापतं. तुमच्या प्रश्नात "घालायची" असा शब्द आहे ना, तो जेएसपीतून आलेला आहे. विकेटमध्ये आपण मूल्य घालतच नाही, कोणाला विचारायचं ते सांगून ठेवतो. हे एकदा पटलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

पूर्वी प्रॉपर्टीमॉडेल वापरायचे. त्याला ऑब्जेक्ट आणि गुणधर्माचं नाव स्ट्रिंगमध्ये द्यायचं. ते अजून चालतं आणि त्याचा एक चांगला गुण आहे: वाटेत काही नल असेल तर ते मुकाट्याने नल देतं, फुटत नाही. तोटा असा की मेथडचं नाव बदललं तर कंपायलरला कळत नाही, चालत्या पानात कळतं. विकेट ८पासून, म्हणजे २०१८पासून, मॉडेल हा फंक्शनल इंटरफेस झाला. आता लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं छोटं निनावी फंक्शन) थेट मॉडेल म्हणून देता येतो. "संख्या सेवेला विचारून आण" असा एका ओळीचा लॅम्डा द्या आणि बटण दाबून बघा.

आणि एकच मॉडेल लेबललाही द्या, टायटलच्या ॲट्रिब्यूटमॉडिफायरलाही द्या. दोन वेगळे रस्ते काढू नका. बटणही टार्गेटमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर वाक्यात २ आणि टायटलमध्ये ३ असं दिसेल.

सांजवेळ

उंबरठांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, पण लॅम्डाबद्दल एक गोष्ट इथे लिहून ठेवायलाच हवी. लॅम्डा लिहिला म्हणजे मूल्य ताजं झालं, असं नाही.

समजा कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही डेटाबेसमधून वापरकर्ता आणून एका स्थानिक चलात ठेवलात आणि लॅम्डात त्या चलाचं नाव मागितलंत. दिसायला हा रस्ताच आहे. प्रत्यक्षात लॅम्डाने तो अख्खा वापरकर्ता पकडून ठेवला. नाव डेटाबेसमध्ये बदललं तरी तुमचा जुना ऑब्जेक्ट जुनंच नाव देणार. वर आणखी नुकसान: विकेट पानं सिरियलाइझ करून (ऑब्जेक्टचे बाइट करून) डिस्कवर ठेवतं, मूळ मर्यादा दर सेशनमागे १० मेगाबाइट. पकडलेला ऑब्जेक्ट त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट पानाबरोबर तिथे जातो. त्यातलं काही सिरियलाइझ होण्यासारखं नसेल तर लॉगमध्ये त्याचा एरर दिसतो, आणि असेल तर काहीच दिसत नाही, पानं फुगत जातात. हे दुसरं जास्त वाईट. आमच्याकडे ते कितीतरी महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

यासाठी लोडेबलडिटॅचेबलमॉडेल. ते स्वतःजवळ फक्त आयडी ठेवतं. विनंती आली की पहिल्यांदा विचारल्यावर डेटाबेसमधून आणतं, त्या विनंतीपुरतं जपून ठेवतं, विनंती संपली की सोडून देतं. त्यामुळे एकाच पानात पाच लेबलांनी विचारलं तरी डेटाबेसकडे एकच फेरी होते. मग नाव हवं असेल तर त्या मॉडेलवर मॅप लावून नाव काढा. मॅप नललाही सांभाळतो, म्हणजे प्रॉपर्टीमॉडेलचा तो चांगला गुणही मिळतो आणि कंपायलरची राखणही.

एक सावधगिरी. ॲजॅक्सच्या त्याच विनंतीत आधी संख्या वाचली गेली असेल आणि मग तुम्ही फाइल मंजूर केलीत, तर त्या विनंतीपुरती जुनीच संख्या जपलेली राहील. अशा वेळी मंजूर केल्यावर मॉडेलवर स्वतः डिटॅच बोलवा, म्हणजे ते जपलेलं मूल्य सोडून देईल.

बोरू

धागा चांगला चालला आहे. एस्केपबद्दल, म्हणजे मूल्यातली खास चिन्हं ब्राउझरने टॅग न समजता साधी अक्षरं समजावी अशी बदलून छापण्याबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लेबल मूल्य छापताना <, >, & आणि दोन्ही अवतरणचिन्हं निरुपद्रवी करून छापतं. हे आपोआप होतं. जेएसपीत डॉलर-कंस पानात थेट टाकले तर एस्केप होत नाही, सी:आउट टॅग वापरला तरच होतं. काजवाताई, तुमच्या जुन्या सवयीतली ही जागा आठवून बघा, जमलं तर जुनी पानंही तपासा.

विकेटमध्ये सेटएस्केपमॉडेलस्ट्रिंग्जला फॉल्स दिलं की हे संरक्षण जातं. मी एका ठिकाणी कामाला होतो, तिथे शेऱ्याच्या चौकटीतल्या नव्या ओळी पानावर दिसत नव्हत्या. कोणीतरी ओळीच्या शेवटाच्या जागी बीआर टॅग घातला, तो एस्केप होऊन अक्षरांतच दिसू लागला, म्हणून एस्केपच बंद केलं. काम झालं, सगळे पुढे गेले. काही दिवसांनी एका चाचणी करणाऱ्या मुलीने शेऱ्यात स्क्रिप्ट टॅग लिहून पाहिला आणि तो शेरा उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तिची स्क्रिप्ट चालली. नशीब की ती आमचीच होती. ज्या कामासाठी हे दार उघडलं, त्यासाठी विकेटमध्ये मल्टिलाइनलेबल तयार बसलेलं होतं. ते आधी एस्केप करतं आणि मग ओळी तोडतं.

२००५च्या ऑक्टोबरमध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर सॅमी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) पसरला होता. एका प्रोफाइलमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये स्वतःची नक्कल करायची. २० तासांत १० लाखांहून जास्त प्रोफाइल्स. तिथे स्क्रिप्ट टॅग गाळायची चाळणी होती, तरी तिच्यातून वाट काढली गेली. म्हणून "आम्ही वाईट टॅग गाळतो" यावर माझा विश्वास नाही. सगळं एस्केप करा, आणि जिथे एचटीएमएल खरोखरच हवं तिथे मोजके टॅग येऊ देणारी तपासलेली लायब्ररी वापरा.

आणि हो, एस्केप जागेप्रमाणे बदलतं. टॅगच्या आतल्या मजकुरासाठी केलेलं एस्केप लिंकच्या एचरेफला पुरत नाही. वापरकर्त्याने दिलेला पत्ता "जावास्क्रिप्ट:" ने सुरू होत असेल तर त्यात एस्केप करण्यासारखं एकही चिन्ह नसू शकतं. तिथे पत्त्याची सुरुवातच तपासावी लागते.

काजवा

बोरू, जुनी पानं तपासायची यादी आजच केली. खरंच धन्यवाद.

मॉडेल केलं आणि २ आले! सांजवेळ म्हणतात तसं लोडेबलडिटॅचेबलच केलं. स्क्रिप्टचं मात्र अजून अडलेलं आहे. एचटीएमएलातल्या स्क्रिप्ट टॅगला लेबल करून आत सगळी स्क्रिप्ट जोडून द्यायची का?

सांजवेळ

नको. लेबल केलंत तर स्क्रिप्टमधली अवतरणचिन्हंही एचटीएमएलासारखी एस्केप होतील आणि स्क्रिप्ट मोडेल. मग तुम्ही एस्केप बंद कराल आणि बोरूंनी सांगितलेल्या दारात उभ्या राहाल. स्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये कोणी स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग लिहिला तर ब्राउझर स्क्रिप्ट तिथेच संपली असं मानतो, तो अवतरणचिन्हं बघत नाही.

मूल्य पट्टीच्या डिव्हवर डेटा- ने सुरू होणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा, त्याच ॲट्रिब्यूटमॉडिफायरने, त्याच मॉडेलने. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये राहू द्या, ती डेटासेटमधून वाचेल. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये कुठलंच बदलतं मूल्य नाही, म्हणून ब्राउझर ती साठवूनही ठेवू शकतो.

विकेट ९, म्हणजे २०२०पासून, कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी मुळातच चालू असते. हाताने पानात लिहिलेल्या स्क्रिप्टा आणि ऑनक्लिकसारखी ॲट्रिब्यूटं ती अडवते. प्रकल्प जुना आहे म्हणालात, कधीतरी आवृत्ती वाढवालच. आत्ताच असं केलंत तर तेव्हा त्रास नाही.

ओंजळ

मी भाषांतराच्या बाजूने बघते, म्हणून तुमच्या मूळ वाक्यावर अडकले आहे. "तपासायच्या ३ फायली राहिल्या आहेत." संख्या १ झाली की काय छापणार? "तपासायच्या १ फायली राहिल्या आहेत"? मराठीत संख्येबरोबर "तपासायच्या"ची "तपासायची" होते, "फायली"ची "फाइल", "राहिल्या"ची "राहिली", "आहेत"चं "आहे". फक्त स्पॅनमधला आकडा बदलून हे वाक्य कधीच नीट होणार नाही. आणि ० असेल तेव्हा वाक्यच वेगळं हवं: "सगळ्या फायली तपासून झाल्या."

असं वाक्य तुकड्यांत मांडू नका. पूर्ण वाक्य प्रॉपर्टीज फाइलमध्ये (पानावरची वाक्यं भाषेप्रमाणे वेगळी ठेवायची फाइल) ठेवा आणि लेबलला स्ट्रिंगरिसोर्समॉडेल द्या, संख्येचं मॉडेल त्याचं पॅरामीटर म्हणून. फाइलमधल्या वाक्यात जावाच्या मेसेजफॉरमॅटचा चॉइस वापरता येतो: ० साठी एक वाक्य, १ साठी दुसरं, त्यापुढे तिसरं. दुसऱ्या भाषेत शब्दांचा क्रम उलटा असला तरी भाषांतर करणारी व्यक्ती फाइलमध्येच तो फिरवेल, पानाला हात लावावा लागणार नाही. एक सवय सांगते: मेसेजफॉरमॅटला कच्चा आकडा दिला की तो हजारांचा स्वल्पविराम घालतो. फायलींच्या संख्येला ते शोभतं, पण आयडी किंवा वर्ष छापायचं असेल तर स्ट्रिंग करून द्या.

नावाचं वाक्य वेगळं आहे. नाव ठळक दाखवायचं असेल तर वाक्यात बी टॅग येणार, आणि टॅगसाठी लेबलचं एस्केप बंद केलं तर नावही उघडं पडणार. इथे विकेट:मेसेज टॅग घ्या आणि त्याच्या पोटात नावाचं लेबल ठेवा. प्रॉपर्टीज फाइलमधल्या वाक्यात डॉलर-कंसात त्या लेबलचा आयडी लिहा, त्या जागी लेबल स्वतः छापलं जातं. फाइलमधला मजकूर आपला, विश्वासाचा, म्हणून तो जसाच्या तसा येतो. नाव परक्याचं, ते लेबलमधून एस्केप होऊन येतं. काजवा, तुम्ही पहिल्या दिवशी टाकलेले डॉलर-कंस शेवटी इथे कामाला आले बघा.

देवनागरी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र अक्षरं होऊन दिसली तर फाइलचं एन्कोडिंग बघा. जावा ९पासून रिसोर्सबंडल प्रॉपर्टीज फाइल यूटीएफ-८ मानून वाचतं, हे ऐकून बरेच जण निश्चिंत होतात. पण विकेट साध्या प्रॉपर्टीज फाइलसाठी स्वतःचा लोडर वापरतं आणि तो जुन्या लॅटिन एन्कोडिंगनेच वाचतो. फाइलचं नाव "यूटीएफ८.प्रॉपर्टीज" ने संपणारं ठेवा, किंवा एक्सएमएल प्रकारची फाइल करा. मग थेट देवनागरी लिहिता येतं, प्रत्येक अक्षराचे आकडे लिहावे लागत नाहीत आणि फाइल उघडली की भाषांतर वाचता येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाचता न येणारी फाइल कोणी तपासत नाही.

काजवा

ओंजळताई, १ चं वाक्य माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज तिन्ही वाक्यं फाइलमध्ये घातली. ०, १, २ करून पाहिलं, तिन्ही बरोबर. नाव विकेट:मेसेजमध्ये, ठळक. स्क्रिप्ट डेटा ॲट्रिब्यूटमधून वाचते आहे.

एक शेवटचं. नावाभोवती जास्तीचा स्पॅन नको म्हणून रेंडरबॉडीओन्ली लावलं, छान दिसलं. तेच संख्येच्या लेबलला लावलं तर ॲजॅक्सने बदल होणं पुन्हा बंद झालं. शिवाय माझ्या मशीनवर पट्टीतली जागा थोडी वेगळी दिसते आणि चाचणीच्या सर्व्हरवर वेगळी.

उंबरठा

पहिलं: ॲजॅक्स जुना टॅग आयडीने शोधून त्याच्या जागी नवा ठेवतं. रेंडरबॉडीओन्लीने टॅगच गेला, मग शोधणार काय? जे ॲजॅक्सने बदलणार त्याचा टॅग ठेवायचाच. नाव बदलणार नाही, तिथे काढलात ते ठीक.

दुसरं: तुमच्या मशीनवर विकेट डेव्हलपमेंट मोडमध्ये आहे. त्यात विकेट:मेसेजसारखे टॅग एचटीएमएलात तसेच राहतात, डिप्लॉयमेंट मोडमध्ये गाळले जातात. सीएसएसमध्ये "थेट मूल" किंवा "पहिलं मूल" असा नियम असेल तर मधे आलेल्या त्या टॅगमुळे तो लागत नाही. मार्कअप सेटिंगमध्ये स्ट्रिपविकेटटॅग्जला ट्रू द्या, दोन्हीकडे सारखं दिसेल.

काजवा

दोन्ही झालं. पट्टी सारखी दिसते आहे. जुन्या जेएसपी पानांत एस्केप नसलेल्या अकरा जागा सापडल्या, उद्यापासून त्या घेते.